सातच्या बातम्या

लिंबाजी टेकाळे पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आला तेव्हा मी आरशासमोर उभी राहून पावडर लावत होते. सातच्या बातम्यांना वीसेक मिनिटं उरली होती. जिना चढून तो वर आला, चपला दाराशी नीट जोडून ठेवल्या आणि काही न बोलता माझ्यापुढे एक चिठ्ठी धरली. उंच, काटकुळा माणूस, चाळिशीच्या आतबाहेरचा. शर्टाच्या बाह्यांवर निळ्या-पिवळ्या रंगाचे डाग. चिठ्ठीतलं अक्षर मात्र छापल्यासारखं.

‘ताई, माईक खाली धरा. तोंड दिसत नाही.’

मला हसू आलं. ‘कासारखेड दर्शन’ हे आमचं केबलवरचं चॅनेल. रोज सात ते साडेसात मी त्यावर गावाच्या बातम्या वाचायची. वय तेवीस. अख्ख्या तालुक्यात टीव्हीवर दिसणारी मी एकटीच मुलगी, त्यामुळे चिठ्ठ्या मला नव्या नव्हत्या. कुणी लिहायचं केस मोकळे सोडा, कुणी लिहायचं गुलाबी साडी नेसा. हाही त्यातलाच, असं समजून मी ती पावडरच्या डब्याखाली सारली.

“कोण आलंय गं, सुलक्षणा?” आतल्या खोलीतून बब्रुवानभाऊंनी विचारलं. चॅनेल त्यांचं. खाली त्यांचंच हार्डवेअरचं दुकान होतं.

“कुणी तरी पेंटर आहे, भाऊ. काही बोलत नाही.”

भाऊ बाहेर आले. “अगं, हा आपला लिंबा! दुकानाचा बोर्ड ह्यानंच रंगवलाय. मुका हाय तो. ऐकूबी येत नाही.” त्या काळी आम्ही सगळेच तसं बोलायचो. भाऊंनी चिठ्ठी मागून घेऊन वाचली आणि लिंबाजीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडून सांगितलं, “खाली धरला तर आवाज येत नाही, लिंबा! आवाज!”

लिंबाजीने त्यांच्या ओठांकडे नीट बघितलं. मग स्वतःच्या कानाला बोट लावलं, दोन्ही पंजे हलवले आणि हसला. मला काय करायचाय आवाज, असं.

तसं भाऊंचंही खरं होतं. आमचा स्टुडिओ म्हणजे बारा बाय दहाची खोली, मागे निळा पडदा, एक टेबल, एक कॅमेरा आणि तो चालवणारा अफसर. कॉलरला लावायचा माईक कधीच बिघडला होता. हातात धरायचा होता, त्याला भाऊंनी चॅनेलचं नाव लिहिलेला चौकोनी डबा बसवून घेतला होता, चांगला विटेएवढा. तो तोंडाशी धरला नाही तर डोक्यावरच्या पंख्याची घरघरच जास्त ऐकू जायची. आणि मे महिन्यात पंखा बंद करा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

शिवाय त्या दिवसांत आमची मान जरा ताठच होती. एप्रिलमध्ये गावात गॅस्ट्रोची साथ आली होती. गटाराचं पाणी नळाच्या पाइपात शिरलं होतं. नळाचं पाणी तसंच पिऊ नका, उकळून प्या, हे गावाला सर्वांत आधी मी सांगितलं. त्या संध्याकाळी भाऊंनी मला तीन वेळा कॅमेऱ्यापुढे बसवलं. साथ लवकर आटोक्यात आली. टाऊन हॉलमध्ये सत्कार झाला, भाऊंना शाल, मला साडी. ‘यांनी घराघरांत इशारा पोचवला,’ असं नगराध्यक्ष भाषणात म्हणाले तेव्हा आईने पहिल्या रांगेत पदराने डोळे टिपले होते.

लिंबाजी दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. चौथ्या दिवशी त्याने पत्र्याचा एक तुकडा आणला. त्यावर ऑइल पेंटने माझं चित्र काढलं होतं. कानातले डूल, टिकली, भांगाची वळणारी रेघ, सगळं हुबेहूब. आणि नाकाच्या खाली, पार हनुवटीपर्यंत, एक काळा चौकोन.

अफसर हसून हसून कॅमेऱ्याला टेकला. मला मात्र असा राग आला की त्या दिवशी बातम्या वाचताना दोनदा अडखळले.

“भाऊ, या माणसाला पुन्हा वर येऊ देऊ नका,” मी सांगितलं.

रविवारी सकाळी आठला आठवड्याच्या बातम्या पुन्हा लागायच्या. आई देवळात गेली होती. मी टीव्ही लावला, आणि काय मनात आलं कोण जाणे, आवाज पार बंद केला. समोर मी होते. भुवया वर जात होत्या, मान हलत होती, मधूनच मी गंभीर होत होते. नाकाखाली डबा. ती बातमी मी स्वतः लिहिलेली, स्वतः वाचलेली. पण कुठली बातमी चाललीय ते मला ओळखता येईना.

सोमवारी मी पंखा बंद करायला लावला आणि माईक छातीशी धरला. घामाने पावडर ओघळली. भाऊ चिडले, “अगं, रडल्यावाणी दिसायलीस!” पण आवाज नीट आला होता, त्यामुळे पुढे काही बोलले नाहीत. मंगळवारी लिंबाजी वर आला नाही. जिन्यातून तो फक्त डोकावला, छातीवर हात ठेवला आणि रविवारी घरी यायचं निमंत्रण एका चिठ्ठीवर ठेवून गेला.

वेशीजवळ दोन खोल्यांचं घर होतं त्याचं. बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे अकरा माणसं दाटीवाटीने बसली होती. पिठाच्या गिरणीतला गोरोबा, पापड लाटणारी सोजरबाई, जवळच्या वाडीवरून पहाटे चालत आलेलं एक जोडपं. ऐकू कुणालाच येत नव्हतं. घरात इतकी गडबड चालली होती आणि आवाज फक्त बांगड्यांचा. चंपावती, लिंबाजीची बायको, शिवणयंत्र बाजूला सारून मला बसायला जागा करत होती.

बातम्या लागल्या. लिंबाजी टीव्हीच्या शेजारी, लोकांकडे तोंड करून बसला. एक डोळा पडद्यावरच्या माझ्या ओठांवर, आणि ते जे बोलतील ते हातांनी सगळ्यांना सांगायचं. जिल्ह्याच्या मूकबधिर शाळेत तो सातवीपर्यंत शिकला होता. बाकीच्यांत लिहिता-वाचता येणारी दोघंच, आणि ओठ वाचणं एकट्या लिंबाजीलाच जमायचं. म्हणजे पूर्ण गावाच्या बातम्या या अकरा जणांपर्यंत त्या एका डोळ्यातून जात होत्या.

रॉकेलची बातमी आली तशी सोजरबाई खुशीत उठली आणि तिने हाताने डबा उचलल्याची खूण केली. मला शंका आली. मी कागद घेऊन लिहिलं, ‘मंगळवारी रॉकेल मिळणार नाही.’ शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

लिंबाजीने कपाळावर हात मारला. मग कागद ओढून लिहिलं, ‘ओठावरून “नाही” फार लवकर जातं.’ थोडा वेळ पेन्सिल हातात फिरवत बसला आणि खाली लिहिलं, ‘तुमचा कागद मला आधी द्या. कॅमेऱ्यापुढे मीच सांगतो.’

भाऊंना हे पटवायला मला आठ दिवस लागले.

“टीव्हीवर मुका माणूस? लोक हसतील गं.”

“हसू द्या. बघतील तर.”

“आन् ते हात हालवणार कुठं? आपल्याकडं एकच कॅमेरा.”

“माझ्या शेजारी बसतील. टेबल लांब आहे.”

भाऊंनी खूप वेळ सुपारी चघळली. “दोन आठवडे. जाहिरातवाले कुरकुर करायले की बंद.”

असं कुठल्या चॅनेलवर चालतं का, हे आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या भागात तरी कुणी पाहिलेलं नव्हतं. लिंबाजी साडेपाचला यायचा, माझा कागद वाचायचा, अडलेल्या शब्दावर बोट ठेवायचा. ‘अविश्वास ठराव’ हाताने कसा सांगायचा यावर आम्ही एकदा अर्धा तास घालवला. शेवटी त्याने एका माणसाच्या खुर्चीखालून सगळे हात काढून घेतात असं काही केलं, आणि भाऊच म्हणाले, “बरोबर! हेच तर झालंय पंचायत समितीत!”

गावाला आधी गंमत वाटली. मग फोन येऊ लागले. काहींना तो आवडायला लागला होता. काहींचं म्हणणं, सुलक्षणाताई लांब गेल्या, नीट दिसत नाहीत. आईचंही तेच. “अगं, तुझं तोंड लिंबाएवढं दिसतंय आता. आधी किती छान दिसायचीस.”

आणि इथे मला खरं सांगायला पाहिजे. मलाही ते लागत होतं.

“दीदी,” अफसर एकदा म्हणाला, “दोघांना पूर्ण घेतो तर दादांची बोटं दिसत नाहीत. बोटं दाखवायची तर तुम्ही अर्ध्या कापल्या जाता. काय करू?”

“मला कापू नकोस,” मी म्हणाले.

लिंबाजीनेही लिहून विचारलं होतं. घरोघरचे टीव्ही छोटे, लांबून हात कळत नाहीत, कॅमेरा जवळ आणता येईल का? ‘नंतर बघू,’ मी लिहिलं. त्याने मान डोलावली. त्या माणसाला वाट बघायची फार सवय होती.

दुपारी मोकळी असले की मी चंपावहिनीकडे जायला लागले होते, खुणा शिकायला. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. गोल चेहरा, दात थोडे पुढे, आणि हसली की डोळे पार मिटायचे. ती ब्लाउज शिवायची आणि मधेच थांबून मला शब्द द्यायची. सुई, पाऊस, नणंद, खोटारडा. माझी खूण चुकली की माझी बोटं धरून नीट वळवायची, लहान मुलाकडून पाटीवर अक्षर गिरवून घेतात तशी. मला त्यांनी नावही दिलं होतं. मूठ वळून तोंडासमोर धरायची, म्हणजे मी. माईकवाली. मला ते नाव आवडायचं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरी जाऊन आईला करून दाखवलं होतं.

जूनच्या सुरुवातीची गोष्ट. अस्तराचं कापड काढायला वहिनीने पत्र्याची पेटी उघडली. वरच एक झबलं होतं, गळ्याला बारीक चुण्या घातलेलं, आणि त्याच्या पोटात घडी केलेलं टोपडं. दोन्ही कोरी.

कुणाचं? मी खुणेने विचारलं. मला वाटलं, कुणाची शिलाई असेल.

तिने ते झबलं मांडीवर घेतलं. पोटावर हात गोल फिरवला आणि सात बोटं दाखवली. मग नळ. मग पाणी. ग्लास तोंडाला. मला पटकन अर्थ लागेना, म्हणून तिने सावकाश, पहिल्यापासून सांगितलं. हवेत टीव्हीचा चौकोन काढला. त्यात एक बाई. आणि तोंडासमोर मूठ धरली.

मी.

ती मूठ तिने खाली घेतलीच नाही. मूठ तशीच ठेवून लिंबाजी झाली. या बाजूने वाकून बघितलं, त्या बाजूने वाकून बघितलं, अगदी टीव्हीला नाक लावून मुठीच्या आड काय आहे ते बघितलं. एकदा, दोनदा, तीनदा. बाई काही तरी मोठं सांगतेय, घाबरून सांगतेय, एवढं कळलं. काय ते कळलं नाही. सकाळी दोघांनी दारातून बघितलं तर शेजारीण रोजच्यासारखी नळावर घागर भरत होती. म्हणजे पाण्याचं काही नसावं. घागर आत नेऊन ती चुलीवर ठेवते, हे दारातून दिसत नव्हतं.

मग ग्लास. मग पोट धरून वाकणं, हाताच्या शिरेत सुई, बाटली, तीन दिवस. आणि शेवटी तिने ओंजळ पोटापासून पुढे आणली आणि उघडी केली.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती त्यांच्या.

मी रडायला लागले तशी ती गडबडली. झबलं बाजूला ठेवून माझ्याजवळ सरकली. माझ्याकडे बोट, मग कपाळाला बोट, भुवया वर. तुला माहीत नव्हतं? तिला वाटत होतं, लिंबाजीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं असणार. त्यासाठीच तर तो आला होता.

मी मान हलवली. मग तिने माझे डोळे पुसले, स्वतःच्या साडीच्या पदराने, आणि माझी तोंडासमोर आलेली मूठ सोडवून हातात धरून बसली. मी ती कधी वळली होती, माझं मलाच कळलं नव्हतं.

लिंबाजी त्या दुपारी शाळेच्या भिंतीवर काम करत होता. शिडीवर चढून खडूने अक्षरांची आखणी चालली होती. मी शिडी हलवली. माझा चेहरा बघून तो खाली उतरला.

“दादा, तुम्ही मला सांगितलं का नाही?” मी सावकाश म्हटलं. जमेल तशी खूणही केली. झबलं, पाणी, मी.

त्याने इकडेतिकडे बघितलं. कागद नव्हता. मग भिंतीच्या कोऱ्या भागावर, त्या सुंदर अक्षरात, खडूने लिहिलं,

‘सांगितलं असतं तर तुम्ही रडत बसला असतात. मला बातम्या पाहिजे होत्या.’

मी वाचलं आहे याची खात्री झाल्यावर त्याने ते बाहीने पुसलं. शाळेची भिंत होती ती. पुसता पुसता त्याचा हात थांबला आणि तो काही क्षण भिंतीकडेच तोंड करून उभा राहिला. मग वळला, खडू पुन्हा टेकवला आणि खाली लिहिलं, ‘आज कागद किती वाजता?’

पाच, मी बोटं दाखवली.

त्या संध्याकाळी मी माझी खुर्ची उचलली आणि कॅमेऱ्याच्या मागे नेऊन ठेवली.

“हे काय करायलीस?” भाऊ म्हणाले.

“आता टेबलावर दादा एकटेच बसतील. मी इथून वाचते. अफसर, बोटं पूर्ण दिसू देत.”

“अगं, लोक तुला बघायला टीव्ही लावतेत!”

“ऐकू येईन की मी त्यांना, भाऊ.”

भाऊंनी माझ्याकडे निरखून बघितलं. डोळे सुजलेले होते. काय झालंय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते माणूस म्हणून चांगले होते. “बरं,” एवढंच म्हणाले आणि जाऊन पंखा बंद केला.

सात वाजले. पडद्यासमोर लिंबाजी एकटा, पांढरा शर्ट घालून, त्यावर एकही डाग नाही. अफसरने कॅमेरा जवळ घेतला. छोट्या मॉनिटरवर पहिल्यांदाच त्याची दहाही बोटं स्पष्ट दिसली. मी वाचायला सुरुवात केली. बाजार समितीची निवडणूक, एसटीचं बदललेलं वेळापत्रक, सगळं नीट गेलं. तिसरी बातमी रेशनकार्डाच्या शिबिराची होती. शुक्रवारी, जिल्हा परिषदेच्या शाळेत, सकाळी दहापासून. इतकी साधी बातमी. पण ‘कुटुंबातील सर्व सदस्यांची नावं’ एवढे शब्द तोंडातून गेले आणि माझा आवाजच फुटला. मी माईकवर हात ठेवला. वाचणं थांबलं.

भाऊ दारातून हातवारे करत होते. अफसर मान वळवून माझ्याकडे बघत होता.

लिंबाजीला यातलं काहीच कळलं नाही. कळायचं कारण नव्हतं. त्याच्यापुढे कागद होता, त्यावर सगळं लिहिलेलं होतं, आणि तो ते एकेक करून, घाई न करता, हातांनी सांगत होता. मी त्याच्या बोटांकडे बघत राहिले. तो कुठे पोचलाय ते मला बोटांवरूनच शोधावं लागलं. पुढच्या बातमीचा पहिला शब्द त्याने हाताने केला तेव्हा मी श्वास घेतला आणि तिथून पुन्हा सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी दिवसभर फोन वाजत होता. ताईंना बरं नाही का? आवाज मधेच का गेला? केबलची वायर तुटली होती का? गल्लीतल्या बायकांनी आईकडे चौकशी केली. वेशीजवळच्या घरातून मात्र कुणाचीच काही विचारणा आली नाही.

शुक्रवारी शिबिराची बातमी करायला मी आणि अफसर शाळेत गेलो. तोबा गर्दी होती आणि आरडाओरडा चालला होता. टेबलावरचा कारकून एकेकाला परत पाठवत होता. दोन-दोन फोटो आणल्याशिवाय अर्ज घेणार नाही म्हणत होता, आणि लोक त्याच्यावर ओरडत होते की हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही. निम्मं गाव फोटो स्टुडिओकडे पळत सुटलं होतं.

मी पिशवीतून माझा परवाचा कागद काढला. ‘प्रत्येकी दोन फोटो सोबत आणावेत.’ शेवटून दुसरी ओळ. मी वाचलीच नव्हती.

तेवढ्यात कुणी तरी माझ्या दंडाला हात लावला. सोजरबाई होती. तिच्यामागे गोरोबा, वाडीवरचं जोडपं, चंपावहिनी, सगळे रांगेत. सोजरबाईने त्या ओरडणाऱ्या गर्दीकडे बघितलं, यांना काय झालंय, असं खुणेने मला विचारलं. मग पोलक्यातून पाकीट काढून कारकुनापुढे ठेवलं आणि त्यातून मोजून दोन फोटो काढले.